मोटेला दोर दोन असतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहली निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या त्यातल्या बऱ्याच गाड्या पुणे-बेंगळुरू महामार्गावरून कणेरीकडे वळतात. करवीर तालुक्यातल्या कणेरी मठाच्या आवारात सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. यंत्रे येण्यापूर्वीचे गाव तिथे माणसाच्या उंचीच्या सिमेंटच्या पुतळ्यांतून उघड्यावर उभे केले आहे. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, शेत, विहीर, खळे, बाजार, सगळे एका फेरीत दिसते. ज्या मुलांनी खळे कधी पाहिलेले नाही त्यांना ते डोळ्यांसमोर उभे राहते, हे काम लहान नाही. गणपतीपुळ्याजवळ 'प्राचीन कोकण' आहे, गोव्यात लोटलीला आणि बाणावलीला असेच प्रयत्न झाले आहेत. अशी ठिकाणे आणखी व्हावीत.

तक्रार ठिकाणांबद्दल नाही, पाहण्याच्या रीतीबद्दल आहे. लोक पुतळ्याचे तोंड पाहतात, मिशी पाहतात, "किती जिवंत वाटतो!" म्हणतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. हातातले अवजार कसे चालत होते हे कोणी विचारत नाही, आणि बहुतेक ठिकाणच्या पाट्याही सांगत नाहीत. पाटीवर 'मोट', 'पाभर', 'जाते' एवढेच लिहिलेले असते. गावगाड्यातले खरे शहाणपण होते ते सांध्यांत, मापांत आणि दोरांच्या लांबीत. ते सांगणारी पिढी आता थकली आहे. म्हणून काही वस्तू कशा पाहाव्यात हे इथे जरा सविस्तर लिहीत आहोत. सहल नेणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडेल.

आधी मोट. पुष्कळ चित्रांत, देखाव्यांत आणि चित्रपटांच्या सेटवरही मोट एका दोराने ओढताना दाखवतात. एका दोराने सोंडेची मोट चालतच नाही. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी. तिचे वरचे तोंड रुंद, त्याला लोखंडी कडे, आणि खालच्या बाजूला लांब सोंड. तोंडाला बांधतात तो जाड दोर म्हणजे नाडा. सोंडेच्या टोकाला बांधतात तो बारीक दोर म्हणजे सोंदूर. नाडा विहिरीच्या काठावर उभ्या केलेल्या खांबांवरच्या मोठ्या चाकावरून जातो. सोंदूर त्याच्या बराच खाली, थारोळ्याच्या (मोटेचे पाणी पडते त्या हौदाच्या) ओठावर बसवलेल्या फिरत्या लाकडी रुळावरून जातो. दोन्ही दोर शेवटी एकाच जुवाला बांधलेले असतात.

आता बैल उताराने खाली चालले की दोन्ही दोर सारखेच ओढले जातात. विहिरीतून वर येताना सोंड मोटेच्या अंगाशी दुमडलेली असते आणि तिचे टोक मोटेच्या तोंडाच्या पातळीला असते, म्हणून पाणी सांडत नाही. सोंडेचे टोक रुळापाशी पोचले की खरी गंमत सुरू होते. बैल आणखी तीन-चार हात चालतात. तेवढ्यात तोंड नाड्याबरोबर वरच्या चाकाकडे चढत जाते, तर सोंड मात्र रुळावरून आडवी होऊन थारोळ्यात शिरते. मोट वर, सोंड खाली, आणि पाणी आपोआप बदाबदा थारोळ्यात. मोटकऱ्याला विहिरीच्या काठाशी यावेच लागत नाही, मोट हाताने उलटवावी लागत नाही. बैलांच्या ओढीला आपल्या वजनाची साथ मिळावी म्हणून तो बैल खाली जाताना नाड्यावरच बसतो. मग बैलांना धावेवरून, म्हणजे त्याच उतारावरून, उलट्या पावली वर आणायचे, मोट पुन्हा बुडते.

या सगळ्याची किल्ली सोंदुराच्या लांबीत आहे. सोंदूर लांब झाला तर सोंडेचे टोक तोंडापेक्षा खाली लोंबते आणि मोट वर येईपर्यंत अर्धे पाणी विहिरीतच परत पडते. तो आखूड झाला तर तोंड वर चढण्याआधीच सोंड ताणली जाते आणि सोंड जिथे मोटेला शिवलेली असते तिथली शिवण उसवते. भिजून-वाळून दोराची लांबी बदलते, म्हणून गाठ पुन्हा पुन्हा बघावी लागे. धावेची लांबीही मनाला येईल तेवढी नसते. विहिरीतल्या पाण्यापासून चाकापर्यंत जेवढे अंतर, जवळपास तेवढी धाव हवी. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की दोर वाढवावे लागत आणि बैलांना धावेच्या टोकापर्यंत न्यावे लागे. मोट शंभर लिटरची असो की दोनशेची, हिशेब हाच.

तेव्हा कुठल्याही संग्रहालयात मोटेपुढे उभे राहिलात तर चार गोष्टी तपासा. दोर दोन आहेत का? खालचा रूळ आहे का? बैलांची तोंडे विहिरीकडे पाठ करून उताराच्या दिशेने आहेत का? थारोळ्यापासून पाट निघाला आहे का? यातले एक जरी चुकले असेल तर तो देखावा मूर्तिकाराने चित्र बघून केलेला आहे, मोट हाकलेल्या माणसाला विचारून नव्हे. बैल विहिरीच्या दिशेने चढ चढताना दाखवलेले असतात तेव्हा तर जुन्या माणसांना हसू आवरत नाही.

दुसरी वस्तू पाभर, म्हणजे पेरणीचे अवजार. नांगर सगळ्यांना कळतो, पाभरीपुढे मात्र कोणी थांबत नाही. खरे तर कोरडवाहू शेतीतले सर्वांत कसबाचे अवजार तेच. आडव्या दिंडाला दोन, तीन किंवा चार फण. त्यावरून दुफणी, तिफण, चौफणी. प्रत्येक फणामागे बांबूची पोकळ नळी, आणि सगळ्या नळ्या वर येऊन एका लाकडी चाड्याला, म्हणजे दाणे सोडायच्या वाटीला, मिळतात. चाड्याला नळ्या तितकीच भोके. पेरणारी बाई चाड्यावर मूठ धरून चालते आणि बोटांमधून दाणे सोडत राहते. ही मूठ सारखी पडली पाहिजे. घट्ट धरली तर पीक पातळ होते, सैल सोडली तर एका जागी दाटी होते आणि विरळणीला माणूस लागते. ज्वारीच्या दोन ओळींत दीड फुटाचे अंतर हवे असेल तर फणही तितक्याच अंतरावर बसवायचे. पुढे तण काढायला कोळपे चालायचे तेही त्याच मापाने. म्हणजे सुताराने दिंडाला भोके पाडली की पेरणीपासून कोळपणीपर्यंतची मापे ठरली.

चुकते कुठे? ओल जास्त असली की नळीच्या खालच्या तोंडात चिखल बसतो. वरून दाणे सोडले जातात, खाली पडत नाहीत. बैल पुढे, बाई मागे, आणि एक तास, म्हणजे फणाची ओळ, अख्खी मोकळी जाते. ती उगवणीच्या दिवशीच कळते. म्हणून पेरताना मधूनमधून थांबून नळ्या फुंकून किंवा काडी घालून बघत. पुतळ्यांच्या देखाव्यात नळ्या भरीव सिमेंटच्या असतात आणि चाड्याला भोके नसतात, तिथे हे सारे समजावून सांगायला काही उरतच नाही. एक खरी पाभर शेजारी ठेवली आणि मुलांच्या हातात मूठभर ज्वारी दिली तर पाच मिनिटांत कळेल. नळ्यांखाली पांढरे कापड पसरले की तिन्ही ओळींत दाणे सारखे पडले की नाही हे मोजताही येते.

नांगराबद्दल थोडेच. लाकडी नांगराची खोली कमी-जास्त करायला कुठला स्क्रू नव्हता. हाळीस, म्हणजे नांगराचा लांब दांडा, जुवाला पुढे बांधायची की मागे, एवढ्यावर ती ठरे. जू हाळीसच्या टोकाकडे सरकवले की फाळ खोल जातो, खोडाकडे घेतले की वर येतो. हाळीसला ओळीने खाचा असतात त्या याचसाठी, नक्षी म्हणून नव्हे. आणखी एक. 'तीनशे वर्षांपूर्वीचे शिवार' अशा पाटीखाली लोखंडी नांगर उभा दिसला तर खुशाल हरकत घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आपल्याकडे आले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तेही शेतकऱ्यांनी लगेच घेतले नाहीत. तीच गोष्ट रॉकेलच्या डब्याची, कंदिलाची, अॅल्युमिनियमच्या भांड्यांची. देखाव्याला साल दिले की अशा चुका आपोआप गळतील.

जाते तर घराघरात होते, तरी त्याची ओळख आता दळण्याच्या अभिनयापुरती राहिली आहे. खालची तळी स्थिर, तिच्या मध्यात लोखंडी खुंटी. वरच्या पाळूच्या तोंडात आडवी लाकडी माकणी, तिला भोक, ते खुंटीवर बसते. म्हणजे वरचा दगड नुसता खालच्यावर पडलेला नसतो, तो माकणीवर तोललेला असतो. पीठ बारीक हवे की भरड, ते इथे ठरते. खुंटीवर चिंधीची किंवा चामड्याची चकती घातली की पाळू केसभर उचलला जातो आणि डाळ भरडली जाते. चकती काढली की पीठ. वापरून दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून खरखरीत करून घ्यायचा, नाहीतर दाणे चिरडतात, पीठ तापते आणि भाकरी थापताना चिरते. नव्याने टाकी लावलेल्या जात्यातले पहिले दळण कचकच लागते, म्हणून ते माणसाला देत नसत. संग्रहालयातल्या जात्यांना ऑइलपेंट फासलेला पाहिला की वाईट वाटते. रंगाखाली टाकीचे घाव बुजतात, आणि तेच तर बघायचे असतात.

कोल्हापूर भागात जाणाऱ्यांना एक सोय अशी आहे की गुऱ्हाळाचा देखावा पाहून झाला की हिवाळ्यात खरे गुऱ्हाळही पाहता येते. देखाव्यात काहीलीपुढे, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपुढे, गुळव्या उभा असतो, पण तो काय बघतो आहे हे खऱ्या ठिकाणीच कळते. रस तापू लागला की मळी वर येते. रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून ती गोळा करून काढायची. चुना बेताने, जास्त झाला की गूळ काळपट. पुढे फेस बसतो, बुडबुडे जड होतात, रस दाट होतो. साधारण 118 अंश सेल्सिअसला गूळ उतरवतात, पण गुळव्या थर्मामीटर लावत नाही. तो थेंबभर पाक थंड पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळते का ते बघतो. लवकर उतरवला तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर करपट आणि काळी होते. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ. चुलाणात जळण म्हणून त्याच उसाची वाळलेली चिपाडे. देखावा आणि खरी वस्तू एकाच दिवशी दाखवायची अशी संधी फार थोड्या ठिकाणी असते, ती शिक्षकांनी सोडू नये. काहीलीपासून मुलांना चार हात लांब ठेवावे, पाक अंगावर उडाला तर चिकटतो आणि खोल भाजतो.

आता एक अवघड विषय. बलुतेदारीचे देखावे बहुतेक ठिकाणी गोड असतात. सुतार हसतो आहे, लोहार हसतो आहे, चांभार हसतो आहे, गाव सुखात आहे. खळ्यावर धान्य तयार झाले की प्रत्येक बलुतेदाराला ठरलेल्या पेंढ्या किंवा मापे मिळत, पैसा लागत नसे, हे खरे. पण मान आणि माप सगळ्यांना सारखे नव्हते. कोणाचे घर गावकुसाबाहेर होते, कोणाला कुठल्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, मेलेली गुरे कोणी ओढायची, रात्री-अपरात्री निरोप घेऊन कोणी धावायचे आणि त्याला नकार देता येत होता का, हेही त्याच गावाचे वास्तव होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडले. हे पाटीवर लिहिले तर संग्रहालय कमी होत नाही. उलट मुलांनी "मग हे बंद का झाले?" असे विचारले तर शिक्षकाला खरे उत्तर देता येते. देखाव्यातल्या गावाला निदान दोन पाणवठे तरी असावेत, आणि ते दोन का, हे लिहिलेले असावे.

जगात अशा संग्रहालयांना वाट दाखवली ती स्वीडनने. आर्टुर हासेलियुस यांनी 1891 साली स्टॉकहोमला स्कान्सेन सुरू केले. तिथे भर पुतळ्यांवर नव्हता, त्यांनी खेड्यांतली खरी घरे उकलून आणून पुन्हा उभारली आणि त्यात काम करणारी माणसे बसवली. आपल्या देशात चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये दक्षिणेतली जुनी घरे अशीच उकलून पुन्हा बांधली आहेत. भोपाळच्या श्यामला टेकड्यांवरच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात निरनिराळ्या आदिवासी समाजांतल्या माणसांनी स्वतः येऊन आपापल्या रीतीची घरे बांधली. बाणावलीच्या गोवा चित्रमध्ये भर आहे तो जमवलेल्या अवजारांवर. पुतळे, घरे, अवजारे, तिन्ही वाटा बरोबरच आहेत. मात्र पुतळ्यांच्या वाटेने जाणाऱ्यांवर एक जादा जबाबदारी येते. घर उकलून आणले की सुताराचे सांधे आपोआप बरोबर येतात. पुतळा करताना ते कोणाला तरी विचारूनच आणावे लागतात.

उघड्यावरच्या वस्तू सांभाळणे हे वेगळेच दुखणे आहे. लाकडी अवजार आधी कुजते ते जमिनीला टेकलेल्या टोकाशी. लाकडाच्या आडव्या कापातून पाणी सरळ आत चढते आणि वाळवीही तिथूनच शिरते. त्यामुळे गाडीचे चाक, नांगराचे खोड, उखळ यांच्याखाली दगडाची बैठक हवी. पावसाळ्याआधी स्वच्छ पुसून, पूर्ण वाळवून, जवसाचे तेल पातळ हाताने दोनदा द्यावे, मधे आठवडाभर मुरू द्यावे. टोकांना आणि भोकांना जरा जास्त. ऑइलपेंट नको, त्याखाली ओल कोंडते आणि लाकूड आतून भुसभुशीत होते, वरून मात्र चकाकते. चामड्याची मोट तर उघड्यावर ठेवूच नये. वाळली की ती पत्र्यासारखी कडक होते आणि घडीवर चिरते. तिला सावलीत, पेंढा भरून फुगीर ठेवावे आणि अधूनमधून तेलाचा हात द्यावा.

सिमेंटच्या पुतळ्यांची आधी बोटे जातात, मग नाक. कारण आत लोखंडी सळी किंवा जाळी असते आणि बोटावर सिमेंटचा थर पातळ असतो. केसासारख्या चिरेतून पाणी गेले की लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि वरचे सिमेंट उचकटून टाकते. वरून नुसते सिमेंट लिंपून रंग दिला तर वर्षा-दोन वर्षांत तेच पुन्हा होते. गंज खरवडून, सळी उघडी करून, गंजरोधक लेप लावून मगच भरायचे असते. दर वर्षी दसऱ्याच्या आत, म्हणजे पाऊस ओसरल्याबरोबर चिरा हेरल्या तर काम थोडक्यात होते.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराचा देखावा असेल तर छताकडे मान वर करून जरूर बघा. तुळया, त्यावर कड्या, त्यावर किलचन (बारीक लाकडी काटक्यांचा थर), वर पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती, असा क्रम असतो. पांढरी माती भिजली की तिचा वरचा थर मिटतो आणि पाणी आत जात नाही. पण दर मृगाआधी नवी माती टाकून चोपावी लागते, उगवलेले गवत उपटावे लागते. गवत राहिले तर मुळांच्या वाटेने पाणी थेट तुळईवर. संग्रहालयात स्लॅब टाकून वर माती पसरली असेल तर ते घर गळणार नाही, पण धाबे म्हणजे काय हेही कळणार नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीचेही तसेच. तपकिरी रंग दिलेली फरशी म्हणजे सारवण नव्हे.

शिक्षकांना विनंती एवढीच की साठ मुलांची रांग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळवू नका. पाच-सहा जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एकच अवजार द्या. त्याचे चित्र काढायचे, भागांची नावे लिहायची, जोर कुठून कुठे जातो ते बाणाने दाखवायचे. नावे अडली तर घरी आजी-आजोबांना विचारून यायचे. गावागावांत ती वेगळी निघतील, तीही लिहून ठेवायची. निदान तीन तास हवेत. ऊन डोक्यावर असते म्हणून सकाळी दहाच्या आत पोचणे बरे, टोप्या आणि पाणी बरोबर असावे.

आणि संग्रहालये चालवणाऱ्यांना सुचवायचे ते असे. प्रत्येक मोठ्या देखाव्याजवळ एक चालते अवजार ठेवा, तुटले तरी चालेल असे, नव्याने करून घेतलेले. मोटेची तर हातभर उंचीची प्रतिकृतीही पुरेल, फक्त तिला चाक, रूळ, नाडा आणि सोंदूर खरे असावेत. पाटीवर लाकडाची जात, लांबी-रुंदी, कोणत्या भागातले आणि कोणत्या काळातले हे चार ओळींत लिहा. आणि दरवर्षी एकदा परिसरातल्या मोट हाकलेल्या, पाभरीवर मूठ धरलेल्या, टाकी लावलेल्या माणसांना बोलावून देखाव्यांपुढून फिरवा, एका माणसाला वही घेऊन त्यांच्यामागे चालायला सांगा. ते ज्या देखाव्यापुढे हसतील तो आधी दुरुस्तीला घ्या.

आपले,
जुन्या शेतीअवजारांच्या नोंदी ठेवणारे काही शेतकरी व सुतार